जाळी मरत न्हाय

कोल्हापुरात अजूनही जुनी पेट्रोल गाडी चढाला दम टाकायला लागली की चारचौघांत कुणीतरी म्हणतंच, "वस्तादांना दाखव." मी तिथं असले तर गप्प बसते. गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही, मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा. पण वस्तादांच्या बाबतीत मी गप्प बसते आणि ते मला अजून पचलेलं नाही.

वस्ताद म्हणजे माझ्या वडिलांचे, अप्पांचे, जिवाभावाचे मित्र. दोघं एकाच वेळी आयटीआयला होते, एका खोलीत राहिले, एका डब्यात जेवले. पुढं अप्पा वारणानगरला कारखान्यात लागले आणि वस्तादांनी उद्यमनगरात गॅरेज टाकलं. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, गाडीखाली उतरायला एक खड्डा आणि गिऱ्हाइकाला बसायला जुन्या जीपचं सीट. पाटी नव्हती. "ज्याला गरज हाय त्याला घावतंय की," असं म्हणायचे. कुस्तीशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता, पण गिऱ्हाइकाला झापायचा सूर थेट तालमीतला होता, म्हणून वस्ताद.

त्यांचं नाक प्रसिद्ध होतं. चहाचा कप हातात आला की आधी वास घ्यायचे, मग घोट. नोट दिली तरी वास. नवा माणूस शेडमध्ये आला की "हात बघू" म्हणून त्याचा हात नाकाशी न्यायचे आणि सांगायचे, "डिझेलवाला हायस. पंपावर हात पुसायला शिक." माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात वरात निघालेली, फुलांनी मढवलेली गाडी पुढं, बँड जोरात. वस्ताद गर्दीत चालत होते. एकदम दोन्ही हात वर करून ओरडले, "थांबवा!" बँड थांबला. ड्रायव्हरला खाली उतरवलं, बॉनेट उघडायला लावलं, झेंडूच्या माळा रस्त्यावर पडल्या, नवऱ्याकडचे लाल झाले. वस्तादांनी आत नाक घातलं आणि नवरदेवाला म्हणाले, "पावणं, तेल जाळालीय ही. हिला घेऊन बेळगावला जायाचं नाव काढू नगा." त्यांनी अर्थातच नाव काढलं, आणि निपाणीच्या अलीकडं नवरानवरी रस्त्याकडेला उभी राहिली. त्यानंतर निम्मं वऱ्हाड वस्तादांचं गिऱ्हाईक झालं.

मला तेव्हा त्यांचं फार कौतुक होतं. आता ही वरातीची गोष्ट कुणी सांगायला लागलं की मी उठून आत जाते.

गाडीला काय झालंय हे ते कधीच विचारायचे नाहीत. विचारायचे, "कधी?" थंड असताना का तापल्यावर? चढाला का सपाटीला? एकटा असताना का माणसं भरल्यावर? उत्तर देता आलं नाही तर गाडीला हात लावत नसत. एकदा एक मोठे डॉक्टर आले आणि म्हणाले, गाडी कशीतरीच चालते. वस्ताद सगळ्या शेडला ऐकू जाईल असं बोलले, "डॉक्टर, तुमचा पेशंट म्हणाला, मला कसंतरीच होतंय, तर तुम्ही काय करशीला? कधी होतंय ते बघून या, मग बोलू." डॉक्टर खरंच घरी गेले आणि चार दिवसांनी सगळं बघून आले.

त्यांचा खरा जीव होता तो जाळीवर. गाडीच्या पोटाखाली, इंजिन आणि सायलेन्सर यांच्या मधे, एक पत्र्याचा फुगीर डबा असतो. पुस्तकात त्याला कॅटलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. आत बारीक भोकांची चिनीमातीची जाळी असते, मधाच्या पोळ्यासारखी, आणि तिच्यावर महागड्या धातूंचा हात फिरवलेला असतो. इंजिनातला विषारी धूर तिच्यातून जाताना जळून बराचसा निरुपद्रवी होतो आणि मग बाहेर पडतो. पण इंजिन नीट जळत नसेल तर कच्चं पेट्रोल तिथं येऊन पेटतं, जाळी वितळते, तुंबते, आणि धुराला वाटच राहत नाही. मग गाडी घुसमटते. चढ आला की जीव जातो तिचा.

अशा वेळी इतर गॅरेजवाले एक तर नवी जाळी बसवतात, नाही तर डबा कापून आतली जाळी ठोकून काढतात आणि रिकामा डबा परत जोडून देतात. गाडी लगेच पळायला लागते, गिऱ्हाईक खूष होतं, धुराचं काय व्हायचं ते मागच्यांचं होतं. वस्तादांना दोघांचाही राग. "नवी बसवणारा आंधळा आन् रिकामी करणारा हरामखोर," असं ते म्हणायचे. "जाळी मरत न्हाय. जाळीला मारत्यात. मारणारा कोण ते आधी हुडका. प्लग असंल, कॉइल असंल, तेल असंल. त्याला धरला की जाळी आपली आपण बरी हुतीया." आणि हे खरंही असायचं, बहुतेक वेळा. आपल्या हातानं आजवर एकही जाळी बदललेली नाही, हा त्यांचा मोठा अभिमान. कुठल्या तरी गाडीतून निघालेली एक जळकी जाळी त्यांनी शेडच्या भिंतीला टांगली होती. खंडेनवमीला पाने-हातोड्यांची पूजा करताना तिलाही हार घालायचे. "ही दुसऱ्याच्या हातनं मेलेली," म्हणायचे, "माझ्या दारात यायच्या आधी."

तपासायच्या त्यांच्या तऱ्हा ठरलेल्या होत्या. गाडी तापवायची, स्वतः खड्ड्यात उतरायचं, आणि उरलेला चहा दोन बोटांनी डब्याच्या पुढच्या नळीवर शिंपडायचा, मग मागच्या नळीवर. चुर्र कुठं जास्त होतं ते ऐकायचं. मागं जास्त झालं तर जाळी काम करतेय. पुढंच चुर्र आणि मागं नुसतंच फुस्स झालं, तर तुंबली. मग रबरी हातोड्यानं डब्यावर टकटक, कान लावून. संगणकाला जोडून दोष वाचायचं यंत्र एका पुतण्यानं त्यांना आणून दिलं होतं. ते त्यांनी पाण्याच्या माठावर झाकण म्हणून ठेवलं.

पण शेवटचा निकाल जोतिबाच्या घाटात. आजारी गाडी घेऊन जोतिबाच्या डोंगराचा, वाडी रत्नागिरीचा चढ चढायचा, आणि तोही माणसं भरून. माणसं कुठून आणायची? रस्त्यानं चालत निघालेले भक्त असायचेच. वस्ताद गाडी थांबवून काच खाली करायचे. "पावणं, जोतिबाला? बसा की. पैसं नगोत, नुस्तं वजन पायजे." लोक बिचकत बसायचे. मग वस्तादांची शिस्त सुरू. बोलायचं नाही, खोकायचं नाही, काचा वर. गाडी मालकाला चालवायला लावून स्वतः शेजारच्या सीटवर बसायचे आणि डॅशबोर्डला कान लावायचे. घाटातल्या एका वळणाला ते 'खरं वळण' म्हणत. तिथं चढ एकदम अंगावर येतो. "हितपतूर गाडी थापा मारती," म्हणायचे, "हितनं पुढं खरं बोलती." वर पोचल्यावर भक्त देवळाकडं आणि वस्ताद परत फिरायचे. देवाच्या दारात जाऊन त्यांनी कधी पायरीला हात लावला नाही. त्यांचा देव वळणावरच होता.

आमची गाडी म्हणजे अप्पांनी निवृत्तीच्या आधी घेतलेली, तेव्हाच जुनी असलेली पांढरी पेट्रोल गाडी. तिच्या डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि ती दम टाकायला लागली, ते नेमकं आईचं दुखणं कळलं त्याच सुमाराला. आईला कॅन्सर. किमो कोल्हापुरात घ्यायची ठरली. अप्पा-आई वारणानगरजवळच्या घरात, मी नोकरीमुळं कसबा बावड्यात. जायला तास, यायला तास. गाडी धड असणं ही चैन नव्हती.

अप्पांनी गाडी वस्तादांकडं नेली. मी रजा काढून गेले होते. चहा शिंपडून झाला, टकटक झाली, आणि आम्ही घाटाला निघालो. सांगलीकडचं एक म्हातारं जोडपं वजनाला घेतलं. खऱ्या वळणावर गाडीनं मान टाकली. वस्तादांनी कान काढला आणि हसले. वर पोचल्यावर रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर त्यांनी निकाल दिला, टपरीवाल्याला, म्हाताऱ्या जोडप्याला, अप्पांना आणि मला. "एक कॉइल मरालीय. एक सिलिंडर अधनंमधनं ठिणगीविना उपाशी राहतोय. जाळी ठणठणीत हाय. लिहून घ्या."

अप्पांनी त्या टपरीवाल्याला उगीचच सांगितलं, "ह्यानं आजवर एक जाळी बदलली न्हाय."

कॉइल बदलली. प्लग बदलले. पिवळा दिवा गेला. कॉइल खरंच मेलेली होती, तो निकाल बरोबरच होता. पण आठवड्यात गाडी पुन्हा घुसमटायला लागली. आईचं पहिलं सलाइन होऊन परत येताना ती हायवेवर ट्रकांच्या मागं रांगत आली. अप्पांनी वस्तादांना फोन केला. मी म्हटलं, "अप्पा, दुसरीकडं दाखवू या का? जाळीच गेली असेल." अप्पांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी काहीतरी अभद्र बोलले. "दुसऱ्याच्या खड्ड्यावर गाडी चढवली तर त्याला तोंड कसं दाखवू मी?"

वस्तादांनी गाडी ठेवून घेतली. या वेळी घाट नाही, वजन नाही, चहा नाही. दोन दिवसांनी म्हणाले, न्या. आणि गाडी पळत होती. नव्यासारखी. अप्पांनी पेढे दिले. "काय केलंस रं?" असं विचारलं तर वस्ताद म्हणाले, "बारीकसारीक व्हतं." जो माणूस साध्या प्लगवर अर्धा तास भाषण द्यायचा तो 'बारीकसारीक' म्हणाला, आणि आमच्यापैकी कुणालाही ते खटकलं नाही.

आई मागच्या सीटवर आडवी होऊन यायची. किमोनंतर तिला गार वारं सोसायचं नाही, म्हणून मागच्या काचा बंद, अंगावर शाल. अप्पा पुढं एकटे, तंबाखू थुंकायची सवय, त्यामुळं त्यांच्या बाजूची काच कायम खाली. मी हॉस्पिटलच्या दारात वाट बघत उभी असायचे. गाडी आली की मागचं दार उघडायचे, आणि आई डोळे मिटून, कपाळ दाबून बसलेली असायची. दोनदा तर उतरल्या उतरल्या उलटी. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "अजून औषध दिलंच नाही आणि उलटी?" डॉक्टर म्हणाले, असं होतं, काहींना हॉस्पिटलच्या नुसत्या विचारानं मळमळतं. त्यांचंही चुकलं असं म्हणता येत नाही. असं होतंच.

आई मात्र वेगळंच म्हणत होती. "गाडीत वास येतोय गं. डोकं फुटतंय माझं. चढ लागला की जास्तच."

चढ लागला की. वस्तादांनी आयुष्यभर लोकांना जे शिकवलं ते माझी आई न शिकवता सांगत होती. कधी होतंय ते.

अप्पा तिला घेऊन थेट उद्यमनगरात गेले. हे मला आईनंच नंतर सांगितलं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा सांगितलं. वस्तादांनी गाडी चालू ठेवायला लावली, मागचं दार उघडलं, आत डोकं घातलं. आईच्या शालीपर्यंत त्यांचं नाक आलं. थोडा वेळ तसेच वाकून राहिले. मग बाहेर आले आणि म्हणाले, "वहिनी, गाडीला वास न्हाय. किमो घेतल्यावर नाकाला असलंच वास येत्यात. तो तुमच्या औषधाचा हाय."

पुन्हा तिनं वासाचं नाव काढलं नाही. मी खोदून विचारलं तर म्हणाली, "भावजींचं नाक खोटं कसं बोलंल? गाडीत काय न्हाय. माझ्यातच हाय ते."

त्यानंतर मी म्हणायचे, भाड्याची गाडी करू, नाही तर माझ्याकडं येऊन राहा. आई म्हणायची, "कशाला? जिथं जाईन तिथं माझं नाक माझ्यासंगंच हाय." अप्पा म्हणायचे, "दारात गाडी असताना?" डॉक्टरांनी आईला औषध सोसत नाही असं बघून मात्रा कमी केली. तरी उलट्या थांबल्या नाहीत. मग एक दिवस आईनं चप्पलच घातली नाही. ओसरीत बसून राहिली. "मला न्हाय जायचं. औषध अंगात जायच्या आधीच मी मरालोय." आमच्याकडं बायकाही असंच बोलतात, पुरुषासारखं. अप्पा तिच्या पाया पडले. ती उठली नाही. उपचार निम्म्यावर सुटला तो सुटलाच, आणि पुढच्या उन्हाळ्यात ती गेली.

दिवसकार्य झाल्यावर अप्पांनी गाडीची किल्ली माझ्यापुढं सरकवली. त्यांना ती चालववत नव्हती. घर बंद करून मी त्यांना बावड्याला घेऊन आले. पहिल्याच आठवड्यात पाऊस लागला म्हणून मी सगळ्या काचा वर घेऊन ऑफिसला निघाले आणि पोचेपर्यंत माझं डोकं ठणकायला लागलं. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी बसनं गेले, काही नाही. मी वस्तादांच्या हाताखाली शिकलेली नाही, पण लहानपणापासून त्यांची बडबड ऐकलेली आहे. कधी होतंय? गाडीत बसल्यावर. काचा बंद असल्यावर.

मी वस्तादांकडं गेले नाही. सायलेन्सरची वेल्डिंग करणाऱ्या एका चाचांकडं गेले. त्यांच्या तीन पिढ्या नळ्या जोडण्यात गेल्या. चाचा खाली सरकले, बोटाच्या पेरानं डब्यावर ठोकलं, आणि पाठीवर पडूनच म्हणाले, "आत काय बी न्हाय, ताई. नुस्ता डबा हाय."

मग त्यांनी आरसा धरून मला दाखवलं. डबा वरच्या अंगानं कापला होता, खालून बघणाऱ्याला दिसू नये म्हणून. जाळी ठोकून काढली होती आणि कापलेलं परत जोडलं होतं. जोड ओबडधोबड, आणि मधोमध फुटलेला. त्याच्यावर गाडीचा तळ गंजून विरलेला. आणि त्याच्यावर मागची सीट.

"असलं काम लोक आमच्याकडं करून घेत्यात," चाचा म्हणाले. "आमचा टाका फुटत न्हाय. ह्यो वेल्डरचा हात न्हाय. कुणीतरी घरच्या घरी केलंय, दार लावून."

"कुणी केलं असेल?"

चाचांनी हात पुसले. "गाडी कुणाच्या हातात असती म्हणलासा तुम्ही?" मी सांगितलं होतं. त्यांनी मला पाणी दिलं.

पैशासाठी केलं असतं तर मी एकदा शिव्या देऊन मोकळी झाले असते. पण पैशाचा प्रश्नच नव्हता. नवी जाळी घाल म्हटलं असतं तर अप्पांनी हसत पैसे मोजले असते. टपरीवर वस्ताद एकदा 'ठणठणीत' म्हणून बसले होते ना! कॉइल मेलेली होती हे त्यांनी बरोबर ओळखलं. पण तोवर तिनं जाळी मारून टाकली होती, एवढंच कबूल करायचं होतं. तेवढंच जमलं नाही. वेल्डरकडं गेलं तर गावात बोभाटा होईल, म्हणून शेडचं दार लावून, येत नसलेलं काम स्वतःच्या हातानं केलं. रिकामी करणाऱ्याला काय म्हणायचे ते मी वर लिहिलंच आहे. शब्द त्यांचाच आहे, माझा नाही.

मी चाचांना म्हटलं, आज काही करू नका. आणि उद्यमनगरात गेले.

वस्ताद जीपच्या सीटवर बसले होते. मी म्हटलं, "काका, गाडी चढाला दम टाकालीय. घाटात चला." ते उठले. पुढच्या सीटवर मी तांदळाचं पोतं ठेवलं होतं. "पुढं वजन आहे," मी म्हटलं, "तुम्ही मागं बसा." त्यांनी पोत्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि मागं बसले. जिथं आई बसायची तिथं. मागच्या काचा बंद होत्या, माझी खाली होती, अप्पांची असायची तशी.

गाडी अजिबात दम टाकत नव्हती. रिकाम्या डब्याची गाडी कशाला दम टाकेल? पायथा गेला, पहिली वळणं गेली. आरशात वस्ताद दिसत होते. नाकपुड्या हलल्या. त्यांनी रुमाल काढून कपाळ पुसलं.

"पोरी, वास येतोय."

मी म्हटलं, "औषधाचा असेल."

काच खाली करायच्या दांडीवर त्यांचा हात गेलेला होता. तो तिथंच राहिला. मग हात काढून त्यांनी मांडीवर ठेवला आणि काच तशीच बंद ठेवून बसले. खरं वळण आलं. मी गाडी दाबली. आरशात त्यांचे डोळे मिटलेले दिसले. मला दया आली नाही, हे मी लपवत नाही. वरपर्यंत मी काच खाली घ्या म्हटलं नाही आणि त्यांनीही घेतली नाही.

वर गाडी थांबवली. वस्ताद दाराला धरून उतरले आणि कठड्याशी वाकून ओकले. गुलालानं माखलेली चार पोरं ओरडत बाजूनं गेली. तीच टपरी, तोच टपरीवाला. त्यानं ओळखून हात केला. वस्ताद कठड्यावर बसले.

"कधीपास्नं ठाऊक हाय तुला?" त्यांनी विचारलं.

"आजपासून."

"खुनी सापडलाता, पोरी. कॉइलच व्हती. पण जाळी मरून गेलती. माझ्यानं बोलवंना."

"आणि त्या दिवशी? आईला घेऊन अप्पा आले होते. तुम्ही आत डोकं घातलंत."

त्यांनी रुमालानं तोंड पुसलं.

"तुम्हाला वास आला नव्हता?"

"आलता," वस्ताद म्हणाले. "वाटलं, टाक्यावर काजळी बसली की भोक मुजंल."

गॅसनं माझी आई मेली, असं मी म्हणत नाही. आई कॅन्सरनं गेली. पूर्ण औषध मिळालं असतं तर वाचली असती का, तेही कुणी सांगू शकत नाही, मी विचारून बघितलंय. पण तिला खरा वास येत होता आणि शेवटपर्यंत तिला वाटलं की तिचंच नाक बिघडलंय. एवढं मी त्या माणसाला माफ करणार नाही.

उतरताना ते पुढं बसले, पोतं मांडीवर घेऊन. शेड आली तेव्हा दाराला हात लावून थांबले. मला वाटलं, आता आईबद्दल काहीतरी बोलतील. "बापाला सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"नगं सांगू."

मी अप्पांना सांगितलं नाही, पण ते वस्तादांनी सांगितलं म्हणून नव्हे. मी त्यांचं काहीएक ऐकणार नव्हते. खरं तर त्याच संध्याकाळी मी सांगायच्या तयारीनं घरी आले होते, वाक्यं जुळवत. अप्पा आईच्या शालीची घडी घालत बसले होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की वस्तादांनी फक्त डबा कापला होता. गाडी दर खेपेला अप्पांनी चालवली होती. काच त्यांची खाली होती आणि तिची बंद. हे अप्पांना कळलं तर ते वस्तादांना शिव्या घालत बसणार नाहीत. ते ज्या जागी जाऊन पोचतील तिथून मला त्यांना परत आणता येणार नाही.

नवी जाळी चाचांनी बसवली. अप्पांना मी सायलेन्सर बदलला म्हणून सांगितलं.

वस्ताद आता दर रविवारी बावड्याला येतात. अप्पाच बोलावतात, दुसरं आहे कोण त्यांना? मी चहा ठेवते. वस्ताद कप उचलतात आणि वास न घेता सरळ पितात. शेजारपाजारचं कुणी आलेलं असलं की अप्पांना गाडी आठवतेच. "एक जाळी बदलली न्हाय ह्यानं आजवर," अप्पा त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून सांगतात. "हिच्या आईला मी ह्याच गाडीतनं न्हेलं, आणलं. शेवटपतूर. एक दिस बंद पडली न्हाय. व्हय का न्हाय रं?"

मी दारात उभी राहते. मुद्दाम उभी राहते. वस्ताद माझ्याकडं बघत नाहीत.

"व्हय," म्हणतात.